रोट कुठे दळतात?

नानांच्या संगणकावर इथली वेळ मी क्वचितच पाहिली. जळगावच्या आमच्या ऑफिसात खिडकीजवळचं टेबल त्यांचं होतं. त्या टेबलावरचा संगणक सकाळी होनोलुलूत असायचा, दुपारी काठमांडूत, आणि चहाच्या वेळी कुठे असेल ते त्यांनाच ठाऊक. त्यांचे मेल कधी उद्याच्या तारखेने यायचे, कधी कालच्या. एकदा त्यांचा रजेचा अर्ज रजा संपल्यानंतरच्या तारखेने आला. मॅनेजरने तो मंजूर केला.

काम टेस्टिंगचं होतं. प्रोग्रॅमरांनी लिहिलेलं ॲप गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या. बाकीचे टेस्टर बटणं दाबून पाहायचे, पैसे कापले जातात का पाहायचे. नाना फक्त तारखा आणि वेळा तपासायचे. शिकलेले इंजिनियर होते, पुण्यात मोठ्या कंपनीत राहून परत आलेले. वय पन्नाशीच्या अलीकडे. तरी मॅनेजरसकट सगळे त्यांना नाना म्हणत. हातात घड्याळ नसायचं. डब्याची वेळ ते ज्या गावात असतील त्याप्रमाणे ठरायची. "आज काठमांडूत आहे," असं म्हणून ते आमच्या पाव तास आधी डबा उघडत आणि शेजारच्याला म्हणत, "तुझी भूक अजून इंडियात आहे, बस."

मी तिथे गेलो तो एका दैनिकातून. उपसंपादक होतो, आवृत्ती बंद झाली. ॲपमधला मराठी मजकूर लिहिणं आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी वाचणं ही कामं मला मिळाली. पहिल्या दिवशी नाना खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"पेपरात बातमीच्या सुरुवातीला काय असतं?"

"मथळा."

"त्याच्या खाली."

"गाव आणि तारीख."

"आधी काय?"

"गाव."

नानांनी मागे वळून प्रोग्रॅमरांकडे पाहिलं. "ऐकलं? आधी गाव. मी घसा फोडून हेच सांगतोय. तारीख गावाची असते. गाव विचारल्याशिवाय तारीख लिहू नका."

"घ्या," कोपऱ्यातला प्रोग्रॅमर म्हणाला, "आता पेपरवाला पण नानांच्या पार्टीत."

त्या दिवसापासून ते मला पत्रकार म्हणू लागले. नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

चूक सापडली की तिची नोंद करायची असते. काय केलं, काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय झालं. तीन ओळींचं काम. नानांच्या नोंदींत माणसं असायची. एरंडोलच्या एका शाळेसाठी आम्ही ॲप करत होतो. मुलाच्या वाढदिवशी पालकांच्या फोनवर शुभेच्छा जायच्या. त्यावरची नानांची नोंद मला पाठ आहे:

"बाप मस्कतला. पोरगं एरंडोलला. ॲप बापाला वाढदिवस एक दिवस आधी दाखवतं. बाप फोन करतो. पोरगं म्हणतं, पप्पा, उद्या आहे. बाप हसतो, फोन ठेवतो, आणि दिवसभर कोणाशी बोलत नाही. दुरुस्त करावे."

त्यांची प्रत्येक नोंद याच दोन शब्दांनी संपायची.

"नाना, यात बाप कशाला आणला?" प्रोग्रॅमर वैतागायचा. "टाइमझोनची चूक आहे, तेवढं लिहा ना."

"टाइमझोन फोन करत नाही. बाप करतो."

चूक साधी होती. वाढदिवस साठवताना प्रोग्रॅमने त्याला मध्यरात्रीची वेळ चिकटवली होती. एरंडोलला मध्यरात्र झाली तरी मस्कतला आदल्या दिवसाची रात्र सरलेली नसते. म्हणून तिथल्या फोनवर आदली तारीख. जन्मतारखेला घड्याळ बांधू नका, असं नाना म्हणायचे. मॅनेजर म्हणाला, एरंडोलच्या शाळेचं मस्कतला कोण असणार? ॲप तसंच गेलं. महिन्याभरात तक्रार आली. एका मुलाच्या वडिलांनी कतारहून दुकानात फोन करून केक मागवला होता, तो एक दिवस आधी घरी पोचला. नाना माझ्या टेबलाशी आले आणि विचारलं, "केक खाल्ला का, लिहिलंय?"

"नाही लिहिलं."

"विचार."

मी विचारलं. मुलाच्या आईने कळवलं की केक शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कापला. मी ते वाचून दाखवल्यावर नाना आपल्या टेबलाशी परत गेले. त्या दिवशी त्यांनी संगणक कुठल्याच परगावी नेला नाही.

रोज दुपारच्या चहाला ते एक मेसेज पाठवायचे: "तिकडे काय तारीख दिसते?" थोड्या वेळात उत्तर यायचं. फोनच्या स्क्रीनचा फोटो, त्यावर तारीख आणि वेळ. नाना लिहायचे, "मिळालं." संपलं. तो कंपनीने नेमलेला अमेरिकेतला कोणी टेस्टर असावा असं मी बरेच महिने समजत होतो. तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता.

हे मला बसमध्ये कळलं. नाना जळगावला भाड्याच्या खोलीत राहत आणि शनिवारी धुळ्याला जात. तिथे देवपूर भागात त्यांचं घर होतं, घरात आई एकटी. माझं घर एरंडोलला, त्यामुळे तिथपर्यंत सोबत व्हायची. एका शनिवारी बस बंद पडली. खाली उतरून रस्त्याकडेला उभे असताना त्यांनी सांगितलं, तेही एखादी नोंद वाचावी तसं.

वडील वारले तेव्हा भावाचा फोन आला. म्हणाला, मी उद्या संध्याकाळी पोचतो, थांबा. देवपूरला शुक्रवार उजाडला होता. तिकडे गुरुवार होता, पण तो मनाने विमानात होता; ते शुक्रवारी रात्री, म्हणजे आपला शनिवार उजाडल्यावर, सुटणार होतं आणि उद्या तो तिथून मोजत होता. त्याने सांगितलेली उद्याची संध्याकाळ शनिवारची होती की रविवारची, ते कोणी विचारलं नाही. घरच्यांनी शनिवारी अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. मग भाऊबंद म्हणाले, आता ठेवता येणार नाही. भाऊ रविवारी संध्याकाळी आला.

"तो खोटं बोलला नव्हता," नाना म्हणाले. "मी चुकीचं ऐकलं नव्हतं."

"मग?"

"मग काय. तो म्हणतो, तुम्ही थांबला नाहीत. मी म्हणतो, तू आला नाहीस. दोघंही बरोबर. त्यानंतर बोलणं नाही." बसचा ड्रायव्हर बॉनेट बंद करत होता. "तारीख तेवढी विचारतो. तारीख विचारली तर सांगतो तो."

भाऊ त्यानंतर घरी आला नव्हता. आईला हे सगळं माहीत होतं आणि ती त्यात पडत नव्हती. तिची एकच गोष्ट असायची, कानबाईची.

खानदेशात श्रावणात कानबाई बसते. रविवारी देवी बसवायची, सोमवारी सकाळी नदीवर बोळवायची. नानांच्या घरी नागपंचमी गेल्यावरचा पहिला रविवार पाळत. कानबाईचं मुख्य काम म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो वेगळा दळायचा आणि त्या पिठाचं जे होईल ते घरच्यांनीच खायचं. बाहेरच्याला त्यातला घास द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत सगळं संपवायचं. जो घरी नसेल त्याच्याही नावाची मूठ पडते. नाना दर वर्षी दोनदा मूठ भरायचे, एकदा स्वतःची, एकदा भावाची. एका वर्षी ते आईला म्हणाले होते की जो येतच नाही त्याचं कशाला दळायचं. आई अहिराणीत म्हणाली, "तो तठे शे, त्याना रोट आठे शे." तो तिथे असला तरी त्याचा रोट इथेच. नानांनी पुन्हा विचारलं नाही.

जळगावच्या एका शेटजींचा छापखाना होता. त्यांची भिंतीवरची दिनदर्शिका खेडोपाडी जायची. त्यांना ती फोनवर आणायची होती, बाहेरगावी आणि परदेशी असलेल्या खानदेशी लोकांसाठी. एकादशी, चतुर्थी, पोळा, कानबाई यांची आठवण आठवडाभर आधी फोनवर यावी. नाना त्या कामात बुडून गेले. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, आणि सूर्य सगळीकडे एकाच वेळी उगवत नाही. म्हणून प्रोग्रॅमरांनी हिशेब असा लावला होता की फोन ज्या गावात असेल त्या गावचा सूर्योदय धरायचा. नानांना ते पटलं. उपवास करणारा माणूस जिथे आहे तिथलीच एकादशी त्याने धरावी.

कच्चं ॲप त्यांनी भावालाही पाठवलं. खरा फोन, खरं परगाव. त्या दिवशी चहाला त्यांनी तारीख विचारली नाही. विचारलं, "कानबाई कधी दाखवतं?"

फोटो आला. नाना खुर्चीतून उठले.

त्या वर्षी आपल्याकडे पंचमी रविवारी येत होती. म्हणजे कानबाई त्याच्या पुढच्या रविवारी. तिकडे तिथी आदल्या सूर्योदयालाच लागत होती, पंचमी शनिवारी. आणि शनिवारनंतरचा पहिला रविवार म्हणजे लगेचचा दुसरा दिवस. पंचमीत एका दिवसाचा फरक, कानबाईत पूर्ण आठवड्याचा. अशी चूक टेस्टरला वर्षातून एखादी सापडते. नानांनी आम्हा सगळ्यांना चहा सांगितला आणि उभ्यानेच नोंद लिहिली:

"पोरगं परदेशात. घर धुळ्याला. ॲप पोराला तिथल्या सूर्योदयाची कानबाई सांगतं. घरी गहूसुद्धा मोजलेला नाही. एकादशी माणूस उभा असेल तिथली. कानबाई पीठ दळतात तिथली. फोन कुठे आहे ते विचारू नका, रोट कुठे आहे ते विचारा. दुरुस्त करावे."

यावर दोन दिवस वाद चालला. मॅनेजर म्हणाला, असा प्रश्न जगातलं कोणतं ॲप विचारतं? शेटजींना फोन लावला. ते मारवाडातून आलेल्या घराण्यातले, त्यांच्याकडे कानबाई नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमची कुलदेवी राजस्थानात आहे. तिची तारीख मी जळगावच्या सूर्याला विचारत नाही. नाना म्हणतात तसं करा." मजकूर मी लिहिला. ॲप उघडलं की पहिला प्रश्न आला: तुमचा रोट कुठे दळतात?

एक गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. त्या दिवशी फोटोखाली भावाने दोन शब्द लिहिले होते: "नक्की ना?" इतक्या वर्षांत त्याने तारखेव्यतिरिक्त पहिल्यांदाच काही लिहिलं होतं. नानांचं डोकं चुकीत होतं. त्यांनी उत्तर दिलं, "तुझ्या तिकडे हेच दिसणार."

उत्तर बिनचूक होतं.

श्रावणातल्या शनिवारी दुपारी, ऑफिस सुटायच्या सुमाराला, दारात एक माणूस उभा राहिला. नानांचंच कपाळ, नानांचेच कान, अंगाने भरलेला. मोठी बॅग, पायात पांढरे बूट. जळगाव स्टेशनवरून सरळ आला होता. कोणी काही विचारायच्या आत तो नानांच्या टेबलाशी पोचला.

"दादा, रविवारले कानबाई शे ना? म्हटलं, संगेच जाऊत."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग संगणकाकडे. संगणक त्या वेळी कुठल्या तरी बेटावर होता.

"पुढला रविवारले," ते म्हणाले.

भावाने फोन काढून समोर धरला. त्यावर त्याने तेव्हा पाठवलेला, कच्च्या ॲपचा तोच फोटो होता. कोपऱ्यातला प्रोग्रॅमर, जो एरवी नानांची रोज थट्टा करायचा, उठून बाहेर गेला आणि खुर्ची घेऊन आला. भाऊ बसला नाही.

"मी विचारलं होतं तुला. नक्की ना, म्हणून."

"हो."

"मग?"

"मी तिकडचं उत्तर दिलं," नाना म्हणाले.

त्याची रजा शुक्रवारपर्यंत होती. वाढवून मिळण्यासारखी नव्हती, त्याने तिथून दोन फोन करून पाहिले. त्या दिवशी मी मित्राची गाडी आणली होती. मी त्यांना देवपूरला सोडायला निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मागच्या सीटवर दोघं भाऊ दोन खिडक्यांतून बाहेर पाहत बसले होते. कपाशीचं रान दोन्हीकडे सारखंच होतं. एकदाच भाऊ म्हणाला, "मायले काय सांगाव?" नाना म्हणाले, "तारीख चुकनी म्हनीसन सांग." "कोनी?" त्यावर नाना स्वतःकडे बोट करून म्हणाले, "मनी."

आई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. तिने धाकट्याला पाहिलं. सूप बाजूला ठेवलं, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "उना का? बठ." जणू तो बाजारातून आला होता. पाणी दिलं, मलाही दिलं. मग तिने सगळं ऐकून घेतलं. भाऊ म्हणाला की एका वर्षासाठी देवी उद्याच बसवली तर काय बिघडेल. नानांचा चेहरा मी पाहिला. त्यांना आईने हो म्हणायला हवं होतं. इतके दिवस जगाला तारखेची शिस्त शिकवणारा माणूस त्या क्षणी एक तारीख मोडली जावी म्हणून दाराला टेकून उभा होता.

"कानबाई कोनाकरता आधी येस नही," आई म्हणाली.

मग ती आत गेली आणि पितळी डबा घेऊन आली. रोटाचे गहू आठवडाभर आधीच निवडून ठेवलेले असतात. तिने ओट्यावर धुतलेलं फडकं पसरलं आणि डबा धाकट्यापुढे सरकवला.

"मूठ आजबी टाकता येस."

भावाने डब्यात हात घातला. मूठ काढली, फडक्यावर सोडली. मग सव्वा पुरी करायला आणखी थोडे दाणे. त्याचा हात नानांच्या हातापेक्षा बराच मोठा होता. ढीग आईने पाहिला. तिने बोटाने दाणे एकत्र केले.

"इतला वरीस तुना वाटा कमी पडना," ती म्हणाली.

नाना उठून मागच्या दाराने नळाकडे गेले. मी गाडीत येऊन बसलो. ते पाहणं माझं काम नव्हतं.

भाऊ शुक्रवारी गेला. रविवारी कानबाई बसली, सोमवारी पांझरा नदीवर बोळवण झाली, आणि मंगळवारी नाना ऑफिसात आले ते मोठा डबा घेऊन. एरवी त्यांच्या डब्यात सगळ्यांचे हात असायचे. त्या दिवशी ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि एकटे जेवले. प्रोग्रॅमरने सवयीने हात पुढे केला तर म्हणाले, "यातलं देता येत नाही रे." डबा मोठा होता आणि नाना अल्पाहारी. पौर्णिमेपर्यंतचे दोन्ही दिवस ते तसेच बसले. घाम पुसत, एक एक घास. मी विचारलं, नाना, सोसेल ना? म्हणाले, "भावाचं खातोय. त्याची मूठ मोठी आहे."

त्यानंतर चहाच्या वेळचा मेसेज लांबत गेला. तारीख यायचीच, तिच्याखाली आणखी काहीबाही यायचं. तिथे बर्फ पडला, गुडघा दुखतो, माय औषध घेते का. नाना वाचून दाखवायचे नाहीत, पण चहा थंड व्हायचा.

दोन वर्षांनी आई वारली. नानांनी भावाला फोन केला तेव्हा मी शेजारी होतो. "धुळे," ते म्हणाले, "बुधवार. इथला बुधवार. संध्याकाळी." आधी गाव, मग वार. तो बुधवारी दुपारी पोचला.

मग जळगावचं ऑफिस पुण्याच्या एका कंपनीने घेतलं आणि बंद केलं. आम्ही घरून काम करू लागलो. नाना एकटेच, ना बायको ना मूल. भाऊ त्यांना घेऊन गेला. देवपूरच्या घराला कुलूप आहे. जाण्याच्या दिवशी एरंडोलच्या स्टँडवर ते मला भेटायला उतरले. मी विचारलं की तिकडे घड्याळ कुठलं लावणार. म्हणाले, "आता मीच परगावी चाललो, पत्रकार. घड्याळाला कशाला त्रास द्यायचा."

दिनदर्शिकेचं ॲप अजून चालतं. तक्रारी अजून मीच वाचतो. आता बहुतेक तरुण मुलंमुली इंग्रजीत एका ओळीत लिहितात, चूक कुठे ते बरोबर सांगतात, आणि त्यात माणूस नसतो. कामाच्या दृष्टीने ते सोयीचं आहे. कधीकधी मी जुन्या नोंदी काढून वाचतो. मस्कतचा बाप, धुळ्याचं घर. खिडकीजवळच्या त्या टेबलाची आठवण येते, आणि कोणीतरी माझ्याआधी पाव तास डबा उघडावा असं वाटतं.

गेल्या श्रावणात नागपंचमी झाली, आणि पुढच्या रविवारी सकाळी तक्रारींच्या रांगेत एक नोंद दिसली. वर नाव नव्हतं. लागलंही नाही.

"वापरणारा परदेशात. नवा फोन. ॲप विचारतं, रोट कुठे दळतात. वापरणारा लिहितो, देवपूर. देवपूरच्या घराला कुलूप आहे. तिथे कोणी दळत नाही. ॲपला हे कळत नाही. ते दर वर्षी आठवडाभर आधी सांगतं की कानबाई येतेय, गहू निवडा. अपेक्षित: आठवण येऊ नये. प्रत्यक्षात: येते. दोघा भावांच्या फोनवर एकाच वेळी येते. दुरुस्त करू नये."